सूड उगवणाऱ्याचे गुण आणि दुबईचा शर्ट

अकरावीला इंग्रजीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. तिच्यात एक माणूस अपमान गिळतो, वर्षानुवर्षं गोड हसत राहतो आणि शत्रूच्या घमेंडीचाच फास करून त्याला संपवतो. सरांनी सांगितलं, "सांगणाऱ्याचे स्वभावविशेष लिहा." वर्गाने अर्धं पान लिहिलं. मी पुरवणी जोडली, कारण मला नुसतं आरशात बघून उतरवायचं होतं.

शत्रू माझ्याकडे तयार होताच. अंबरनाथला आमच्या समोरच्या घरात राहणारे, फॅक्टरीत कामाला असलेले काका. अस्सल माल आणि उल्हासनगरची नक्कल ओळखण्यात कल्याण ते कर्जत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गणपतीच्या आरतीला अख्ख्या बिल्डिंगसमोर त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या 'अमेरिकन' जीन्सचा पट्टा चिमटीत धरला आणि म्हणाले, "काय रे, अमेरिका उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात कधी आली?" आरती थांबली. माझी शप्पथ, गणपतीचं पोटसुद्धा हललं.

तेव्हापासून मी काकांकडे बघून इतका गोड हसायला लागलो, की आई मला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली. मानी, धूर्त, गोडबोल्या, सगळे गुण माझ्यात होते. फक्त तोंड बंद ठेवण्याचा तेवढा नव्हता. बेत मी तळमजल्यावर एकालाच सांगितला, आणि जिना चढेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर त्याची चर्चा चालू होती.

बेत सोपा होता. मामा दुबईहून आला होता. त्याने आणलेला शर्ट उल्हासनगरचा म्हणून काकांना दाखवायचा, ते हो म्हणाले की मामाला पुढे करायचं.

रविवारी मामाला भेटायला म्हणून बिल्डिंग पोह्यांवर तुटून पडली. आई दुबईची साडी नेसून, भावाचं कौतुक सांगत मिरवत होती.

"काका, उल्हासनगरला घेतला. जरा बघा ना, तुमच्यासारखी नजर कुणाची?"

काकांनी काजं पाहिली, कॉलर उलटी केली, शिवण नखाने खरवडली. "उल्हासनगरच. शंकाच नको."

"दुबई!" मी असा ओरडलो की बदलापूरपर्यंत कावळे उडाले असतील. "आणणारा हा काय इथे बसलाय!"

सगळे मामाकडे वळले. मामा बशीतले शेंगदाणे मोजत होता. विमानतळावरून येताना तो मधेच कुठे उतरला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आईचा हात साडीच्या पदरावर गेला.

काकांनी मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढून लावला आणि शर्ट पुन्हा उजेडात धरला.

"छे छे, चुकलो मी! वहिनी, असा टाका आपल्याकडे कुठला बसायला? दुबईच. वय झालं हो माझं."

बिल्डिंगने टाळ्या पिटल्या, पोरांनी मला उचललं. आई हसून मामाला आणखी पोहे वाढायला लागली.

जाताना काकांनी शर्ट माझ्या खांद्यावर टाकला आणि कानाशी येऊन म्हणाले, "बटणं आजच पक्की करून घे. पहिल्या धुण्यात दुबई गळायची."