बिरडं समजून सोललेलं बी

पोलादपूरच्या सरोजताईंनी शाळेतली नोकरी संपल्यावर एकच हट्ट धरला, परसात स्वीट पीचा वेल फुलवायचा. महाबळेश्वरच्या एका बागेतल्या माळ्याने त्यांना जुन्या, घमघमणाऱ्या जातीचं बी दिलं होतं. दोन हिवाळे पेरलं, पण उगवलंच नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बनुबाई कुंपणावरून म्हणायच्या, "बाय, ह्यो थंडीचा वेल. हितं नाय व्हायचा."

"तुम्ही तुमच्या मिरच्या बघा!" सरोजताई तडकायच्या.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी उरलंसुरलं बी रात्री कोमट पाण्यात भिजत घातलं. सकाळी बाजारातून येऊन बघतात, तर यजमान यज्ञेश्वरराव टेबलाशी बसून नखाने ते सोलतायत! कडवे वाल समजून.

"म्हटलं, वालाच्या बिरड्याला तेवढीच मदत."

"अहो, विषारी असतं ते! आणि माझं शेवटचं बी होतं!" सरोजताईंनी घर डोक्यावर घेतलं. तरी टाकवेना, म्हणून ते उघडंबोडकं बी त्यांनी रागारागाने मातीत खोचलं.

आठवडाभरात कोंब वर आले. दोन वर्षं अडलं होतं ते त्या टणक सालीपाशीच! माघात कुंपण जांभळं-गुलाबी झालं आणि वास थेट बनुबाईंच्या ओटीवर जाऊन बसला. त्या स्वतःच आल्या. "बाय, माज्या वेणीला चार फुलं दे गो."

सरोजताईंनी ओंजळभर दिली.

पुढच्या हिवाळ्यात त्याच वेलांचं नवं बी भिजलं, तशी त्यांनी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "अहो, बिरडं सोलायला या!"