स्टुलावर बसलेली सून

दुष्काळ सरला आणि त्या काळात बायकांना काम मिळावं म्हणून विश्रामबागेत काढलेल्या आमच्या शिवणकेंद्राची जागा मालकानं परत मागितली. मी तिथं देखरेखीला होते. केंद्र बंद पडू नये म्हणून मी बैलगाडीतून शिवणाच्या मशिनी बायकांच्या घरी पोचवल्या. शाळेचे गणवेश आता त्यांनी घरीच शिवायचे होते.

आठवड्यानं बघायला गेले, तर पहिल्याच घरी मशीनवर गोधड्या रचलेल्या! माझं डोकंच फिरलं. सून मान खाली घालून पुटपुटली, "आवं बाई, सासू-सासरं खाली बसत्यात. त्यांच्यापुढं मी स्टुलावर कशी बसू?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार, एवढ्यात चुलीपुढनं सासू उठली. तिनं गोधड्या उचलल्या, सुनेला दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवला.

"शीव आता. बटनं मी लावते."

आमचं केंद्र जगलं ते त्या म्हातारीमुळं. पुढं ज्या ज्या घरात मशीन अडली, तिथं मी काही बोलायला गेले नाही. बैलगाडी जुंपायला लावली आणि म्हातारीलाच घेऊन गेले.