दोन वाजून दहा मिनिटांचा फोन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी खुर्ची सरकवून उठणारा माणूस. कामच तसं आहे. नंदुरबारच्या एका हवामान कक्षात मी कंत्राटी निरीक्षक. छत्तीस हजार किलोमीटर वरून उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांचा फोटो पाठवतो. तो उघडायचा, त्यावरच्या ग्रीनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे, आपल्याकडे काय सरकतंय ते बघायचं आणि ग्रुपवर मेसेज टाकायचा. यात अमानवीय काय असणार... असं मला वाटायचं.

आमच्याकडे हिवाळ्यात पथारी लागते, म्हणजे लाल मिरची उघड्या माळावर पसरून वाळवतात. भिजली की काळी पडते, मग तिला कोणी हात लावत नाही. कमलबाईने सगळा जन्म दुसऱ्यांच्या पथारीवर काढला आणि मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःची मांडली. माझा मेसेज तिची सून तिला वाचून दाखवायची. ताडपत्री काढायची की नाही, ते त्यावर ठरायचं.

फेब्रुवारीत एक दिवस कळसाडीला मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. सकाळचे फोटो मी उघडलेच नाहीत. आदल्या दिवशीचा मेसेज उचलला, तारीख बदलली, 'आकाश निरभ्र' — दिला पाठवून. खरं सांगतो, असं काही पहिल्यांदा केलं नव्हतं. कोणी त्रास देऊ नये म्हणून ऑफिसचा मोबाईल बंद केला, ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

परत येताना प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर काचेवर टपोरे थेंब पडायला लागले. आणि मी काय केलं? गाडी चालवता चालवता थाप जुळवली. उपग्रह कधी जागेवरून सरकतो, त्याला परत जागेवर आणताना फोटो थांबतात. आज तसंच झालं म्हणून सांगू. कोण तपासणार?

पथारीवर पोचलो तर सगळी मिरची झाकलेली. कमलबाई ताडपत्रीच्या कडेवर दगड ठेवत होती.

"दादा, तुम्हना फोन उना म्हनीसन वाचनूत आम्ही," ती म्हणाली.

कसला फोन, हे विचारायला तोंड उघडलं होतं मी. बाहेर पडलं ते "हो."

"दम लागेल व्हता तुम्हले. ढग धडगाववर उभा शे, झाकी ल्या, म्हनात. मी इचारं बी, पयीसन उनात का? तवर फोन कट."

पळत आलात का, एवढं ती विचारेपर्यंत फोन कटही झाला होता म्हणे. सुनेने मोबाईल दाखवला. ऑफिसचाच नंबर... दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी मी पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेत होतो.

तसाच ऑफिसला गेलो. कुलूप जागेवर, मोबाईल बंद. सुरू केला तर त्यात असा कॉलच नाही. मग त्या दिवसाचे फोटो उघडले. पावणेदोनच्या फोटोत उत्तरेकडच्या डोंगरात, धडगाववर पांढरा ठिपका, शेंबड्या पोरालाही दिसेल असा. उपग्रहाने त्याचं काम चोख केलं होतं. फक्त बघायला कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पथारीवाल्यांनी मला शाल-नारळ दिलं. मी घेतलं, फोटोही काढून घेतला. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही, लाज वाटते.

यंदा मी एकही फोटो सोडला नाही. जानेवारीत एका दुपारी खाली टपरीवर चहा घेत होतो, मोबाईलवर नवा फोटो आला, त्यात ढग. फोन लावत धावतच जिने चढलो, म्हटलं, "कमलबाई, ढग धडगाववर उभा आहे, झाकून घ्या."

पलीकडे तिने आधी सुनेला ताडपत्री काढायला हाक मारली.

"आज बी तसाच दम लागेल शे तुम्हले, दादा," ती म्हणाली. "त्या दिनसारखाच."

मी म्हटलं, "हो, धावत आलो."

या वेळचं 'हो' खरं होतं. त्या दिवशी कोण धावत आलं होतं, मला आजही माहीत नाही. मी नव्हतो — एवढं तिला सांगायचं अजून राहिलंय.