पाण्यातला ‘ण’

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. स्पर्धेत आमचं नाटक पडलं ते माझ्या मित्राची जीभ घसरली म्हणून, असं सगळे मानतात. तो स्वतःही तेच मानतो. नाटक मी पाडलं. चुकून नव्हे, मुद्दाम.

सत्तर सालानंतरची ती दुष्काळाची वर्षं. मी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो. आमचं हौशी नाटक मंडळ होतं. गणपतीत एक आणि कामगारांच्या स्पर्धेत एक, अशी वर्षाला दोन नाटकं व्हायची. पहिल्या वर्षी मी मिशी उतरवून नायकाची बहीण झालो. लुगडं सुटू नये म्हणून आतून सुतळी आवळली होती. आई पुढच्या रांगेत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “पोरगी दिसाया बरी हुती. चालत हुती मातर पैलवानावानी.” दुसऱ्या वर्षी फौजदार झालो. पट्टा कारखान्याच्या वॉचमनचा. तो बिचारा तिन्ही अंक विंगेत उभा होता, नाटकापायी नव्हे, पट्ट्यापायी.

तिसऱ्या वर्षी हा मित्र मंडळात आला. गाळपाच्या खात्यात फिटर. वाचताना अडखळायचा, पण एकदा पाठ झालं की असा उभा राहायचा, की आम्ही बाकीचे नुसते रंग लावलेले वाटायचो. पहिल्याच नाटकात त्याला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. मी त्याला पेढा भरवला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण तीन वर्षांत माझं नाव कोणी घेतलं नव्हतं, हेही त्याच पेढ्याबरोबर गिळलं.

पुढच्या साली उसाचं वाळवण झालं आणि कारखाना लवकर बंद पडला. दुपारी कँटीनमध्ये तालमी सुरू झाल्या. नाटकात तो मरणाला टेकलेला रिटायर हेडमास्तर, मी त्याचा शहरातून उशिरा आलेला मुलगा. आमचे दिग्दर्शक हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. ते म्हणाले, “हेडमास्तर ‘पानी’ म्हणेल का? परीक्षक पुण्याचे आहेत.” मी नगरच्या बोर्डिंगात शिकलेला, म्हणून त्याला ‘ण’ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. घरी आईपाशी मीही ‘पानी’च म्हणायचो, ते अलाहिदा.

“जीभ मागं वळवा, टाळूला लावा,” मी सांगायचो.

“टाळूला लावली की गिळायाच हुतं, सायेब. तान लागल्याला मानूस आदी जीभ वळवीत बसंल का?”

“हेडमास्तर बसेल.”

“मंग त्यो तानेनंच मेला आसंल.”

पण हट्टाचा माणूस. ‘पाणी’, ‘कोण’, ‘म्हणून’, ‘आणि’ असे शब्द पुठ्ठ्यावर लिहून त्यानं हत्यारांच्या पेटीवर चिकटवले होते. पाना फिरवता फिरवता पुटपुटायचा. महिन्याभरात ‘ण’ आला. आला त्या दिवशी माझ्यासाठी घरून धपाटी घेऊन आला.

प्रयोग नगरला, दुपारचा. कारखान्याच्या ट्रकमधून सेटबरोबर आमची पन्नासेक माणसंही आली होती. तिसरा अंक. तो खाटेवर, मी उशाशी तांब्या घेऊन. तांब्या रिकामा होता. त्या साली स्टेजवर पाणी सांडायचं नाही असं ठरलं होतं. थिएटरात हुंदके ऐकू येत होते. माझी पाठ प्रेक्षकांकडे होती. रडत होते ते त्याच्यासाठी. त्यानं हात उचलला, ओठ हलवले आणि म्हणाला, “पानी...”

कोणाच्याही लक्षात आलं नाही. परीक्षक सोडले तर समोर बसलेले सगळे पानी म्हणणारेच होते. मरताना त्यांच्या बापांनीही तेच मागितलं असणार. मी नुसता तांब्या त्याच्या ओठाला लावायचा होता.

मी वळलो. प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि बोर्डिंगातल्या स्वच्छ आवाजात म्हणालो, “पाणी, बाबा. पा-णी.”

मागच्या रांगांतून कोणीतरी म्हणालं, “हेडमास्तर नापास!” आणि सगळं थिएटर हसलं. पडदा त्या हसण्यातच पडला. तो डोळे मिटून निपचित पडून होता. मरायचं होतंच त्याला.

परतीच्या ट्रकमध्ये मी कारण जुळवत होतो: तोंडातून निघून गेलं, सवयीनं. ते सांगायची वेळच आली नाही. तोच सगळ्यांना म्हणाला, “मपली जीभ घसारली. ह्यांनी सावरून घेतलं म्हून बरं, न्हाईतर परीक्षकांनी आनखी मार्क कापले आसते.” माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

नंतर तो कधी स्टेजवर आला नाही. “पडदा वढाया मी हाय की,” म्हणायचा. पुढची सहा वर्षं माझ्या नाटकांचा पडदा त्यानं ओढला. मला दोन पदकंही मिळाली. दोन्ही वेळा त्यानंच मला उचलून धरलं.

आता तो नेवाशाकडे शेती करतो. लग्नाकार्यात भेटतो, चारचौघांत ओळख करून देतो, “ह्यांनी मला ‘ण’ शिकिवला.” घरी येतो तेव्हा आत बघून म्हणतो, “वहिनी, जरा प्यायला मिळंल का?” कधीच पाणी म्हणत नाही, पानीही नाही. माझ्यासमोर तो शब्दच टाळतो, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. बायको म्हणते, किती अदबीचा माणूस. मी मान डोलावतो.

आता माझेही केस पिकले आहेत. कुठे मी बरा होतो, कुठे फक्त पाठांतर चांगलं होतं, ते मला कळतं. आमच्यात नट एकच होता. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोमुलांसमोर, मी ते मुद्दाम केलं एवढं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.