सुनेच्या नकाशातलं तळं

सून घराचा सर्व्हे नंबर विचारायला लागली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बायको जाऊन सहा महिने झाले नव्हते. अंबत्तूरचं घर विका आणि आमच्या फ्लॅटवर या, असं मुलगा मागे लागला होता. मी नाही म्हणत होतो. मग हिला नंबर कशाला हवा?

ती गिंडीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे करायची. मी चौथी शिकलेला, जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेला. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं दोघांना वाटत असणार.

एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. पोर तमिळ घरातली, पण मराठी तिला माझ्या बायकोनं शिकवलेली. बोलायला लागली की बायकोचेच शब्द निघतात. तिच्यावर रागावणं मला जड जातं, आणि हे तिला पक्कं माहीत आहे.

"मामा, हे बघा." इकडे तमिळ लोकांत सासऱ्याला मामाच म्हणतात.

आमच्या भागाचा आकाशातून काढलेला फोटो होता. जुन्या मोजणीच्या नकाशातली तळी तिनं निळ्या रंगात त्यावर आणून बसवली होती. इंटरनेटवर कोणीही उघडायचं, मोठं करायचं, आपलं घर शोधायचं. निळा रंग आमच्या परसातल्या विहिरीपर्यंत आला होता.

"म्हणजे उद्या कोणीही म्हणणार, हा म्हातारा तळ्यात राहतो."

"विहिरीपर्यंतच आहे, मामा. घर बाहेर आहे."

"आज बाहेर. उद्या नवऱ्याला दाखवशील आणि दोघं मिळून मला उचलाल."

"उचलायला तुम्ही काय गॅसचं सिलिंडर आहात?"

मी विचारलं, जुना नकाशा फोटोवर बसवलास कसा? म्हणाली, दोन्हीकडे दिसतील अशा खुणा जुळवायच्या. इथं तीनच मिळाल्या: रेल्वेचा पूल, बांधाचं वळण आणि गणपतीचं देऊळ.

म्हटलं, सापडली चोरी. ते देऊळ मुळात तिथं नव्हतंच. तुझा जुना नकाशा झाल्यावर रस्ता रुंद केला, तेव्हा पलीकडे नेलं. आधी आमच्या बाजूला होतं, चिंचेखाली. हलवलं त्या दिवशी बायको घागर घेऊन अनवाणी मिरवणुकीत चालली आणि मग दोन दिवस तळपायांना तूप चोळत बसली. हे ऑफिसातल्यांना कुठून ठाऊक असणार? एक मार्किंग चुकलं की सगळा जॉब, म्हणजे हातातलं काम, वाया जातो, हे फिटरला पहिल्या दिवशी शिकवतात.

तिला घेऊन गेलो. चिंच तोडली, पण पार शिल्लक आहे. तिथं उभं राहून जागा दाखवली. घरी येऊन तिनं देवळाची खूण तिथं आणली. आता विहीर सुटणार अशी माझी खात्री होती.

निळा रंग सरकला, पण आमच्याकडे. विहीर, स्वयंपाकघर, पुढची खोली, फाटक, सगळं त्यात गेलं.

पावसात स्वयंपाकघराच्या फरशीतून पाणी यायचं. बायको पोती अंथरायची आणि म्हणायची, जमीन विकणाऱ्यानं आपल्यापासून काहीतरी लपवलंय. मी तिला संशयी म्हणायचो. आता तिला काय सांगू, आणि कुठं जाऊन सांगू?

सून हळूच म्हणाली, "पहिलंच ठेवू का, मामा? कोणाला कळणार नाही."

"चुकीचा जॉब पास करायचा नाही," मी म्हणालो. "आणि घर मी सोडणार नाही. दोन्ही गोष्टी नवऱ्याला सांग."

दुरुस्त केलेला नकाशाच इंटरनेटवर गेला. ती मनापासून विचारत होती, की मी काय म्हणेन ते आधीच ओळखून होती, हे मला अजून उमगलेलं नाही. मुलानं मात्र तेव्हापासून घर विकायचं नाव काढलेलं नाही. तळ्यातलं घर घेणार कोण?