उम्म अल हस्सममधून अमेरिका दर्शन

बहरीनमध्ये कुणाचेही आईवडील पाहुणे म्हणून आले, की पहिल्याच शुक्रवारी ते केशवराव वानखडे यांच्या गाडीत बसलेले असत. बसवले जात, म्हणा ना. केशवराव मूळचे अकोल्याकडचे, एका कंपनीत एसी प्लांटचे सुपरवायझर. पण आपलं खरं काम गाव दाखवणं हेच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. किल्ला, मनामाचा जुना बाजार, आणि वाळवंटात एकटं उभं असलेलं ते शेकडो वर्षांचं झाड. एकदा वाशीमचे एक काका ते झाड पाहून म्हणाले, "असं झाड तं आमच्या वावराच्या धुऱ्यावर आहे." परतीच्या वाटेवर केशवराव त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा मात्र पाजला. राग आपल्या जागी, पाहुणचार आपल्या जागी.

मुलगी जागृती एमएस करायला अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या एका कॉलेजच्या गावात गेली, तेव्हा आपणही जायचं हे केशवरावांनी ठरवून टाकलं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षीची मिळाली. तोवर माणसाने रिकामं का बसावं? बहरीनमधल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या आपल्या फ्लॅटच्या सोफ्यावर बसून, व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी ते गाव पाठ केलं. घंटाघर, स्टेडियम, पांढऱ्या खांबांची घरं, घरापुढच्या ओसरीवर टांगलेले झोपाळे. कोणत्या गल्लीत कोणतं हॉटेल, तेसुद्धा.

अशात एक दिवस बायकोने, सुमनबाईंनी, दबक्या आवाजात सांगितलं, "अहो, पोरगी फोनवर रडत होती. सोडून येते म्हणते. तिथं कोणीच नाही म्हणते आपलं. तुम्हाले सांगू नको म्हणाली."

समजूत घालणं केशवरावांना कधी जमलंच नव्हतं. दोन वाक्यांत ते भाषणावर येत. दोन दिवस ते घरात नुसते येरझारा घालत राहिले. शेवटी शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

"चप्पल घाल अन् खाली उतर. मी तुला तुझं गाव दाखवतो."

"बाबा, आय लिव्ह हिअर!"

"राहते, ते माहीत आहे. पाह्यलं काय काय?"

जागृतीने लॅब पाहिली होती, रूम पाहिली होती आणि किराण्याचं दुकान. तीन महिन्यांत एवढंच! केशवरावांना हे रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

"डावीकडं वळ. आता घंटाघर येईल. फोन आडवा धर. वर, अजून वर."

बहरीनच्या सोफ्यावरून हुकूम सुटत होते आणि तिकडे पोरगी मुकाट चालत होती. एका घराच्या ओसरीवर झोपाळा दिसताच ते म्हणाले, "बसून पाहा जरा."

"बाबा, ते कुणाचं तरी घर आहे!" ती हसली. सुमनबाई लगेच पदराला हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या.

स्टेडियमपाशी मात्र केशवराव सोफ्यावरून उठलेच. मॅचचा दिवस होता. बाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्याच गाड्या, त्यांच्या डिक्क्या उघड्या, शेजारी खुर्च्या मांडलेल्या, निखाऱ्यांवर कोंबड्या भाजत होत्या.

"सुमन, अगं, हे तर आपलं सखीर!"

हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात बहरीनी कुटुंबं तंबू ठोकतात, कोळसे पेटवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. केशवराव तिथून आजवर उपाशी परतले नव्हते. डिक्की उघडी म्हणजे बोलावणं, असा त्यांचा पक्का समज.

"जा त्यांच्यात."

"नो, बाबा! दे आर स्ट्रेंजर्स."

"सखीरले तो जुनैद आपल्याले जेवू घालते, तो काय माझा मामा आहे? बरं, फोटो तरी काढायला सांग कोणाला."

बापापुढे इलाज नसतो. जागृतीने लाल टोपीवाल्या एका ठेंगण्या बाईंच्या हातात फोन दिला आणि तिथेच फसली. बाईंच्या समोर आता केशवराव होते.

"हॅलो मॅडम! आय ॲम फादर, फ्रॉम बहरीन. माय डॉटर, नो ब्रेकफास्ट!"

"बाबाऽऽ!" लांबून किंकाळी आली.

बाई टोपी पडेपर्यंत हसल्या. मग पडद्यावर आभाळ दिसलं, कुणाचं तरी कोपर, कागदाची ताटली, तिच्यात कोंबडीची तंगडी. "जा-ग्रू-टी" असं कुणीतरी नाव घोकत होतं. बाईंची भाची तिच्याच कॉलेजातली निघाली. शेवटी जागृतीचा चेहरा आला, हनुवटीला लाल रस्सा लागलेला.

"बाबा, ठेवते हं."

फोन बंद झाला. म्युझियम राहिलं, जुनं स्टेशन राहिलं, नदी राहिली. केशवराव फोनकडे बघत बसले.

"काय झालं?"

"जेवायले बसली."

पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी पुन्हा कॉल लावला. जागृती घाईत होती. "बाबा, आज नाही जमणार. आम्ही नदीवर चाललोय, होडी चालवायला. उद्या कॉल करते!"

'आम्ही' म्हणाली. "जा, जा! यल्ला, नीघ लवकर!" केशवराव ओरडले आणि लगेच शेजारच्या माहूज वस्तीतल्या ओळखीच्या दोन घरी फोन करून त्यांनी ही बातमी दिली. मग स्वयंपाकघरात आले, तर डोळ्यांना धार लागलेली.

"आता काहून रडता?" सुमनबाई म्हणाल्या. "रमली नं पोरगी? हेच पाह्यजे होतं नं तुम्हाले?"

"हेच पाह्यजे होतं," केशवराव म्हणाले. "पण नदी मी दाखवणार होतो."