पोटातलं गुटूर

इस्लामपूरच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीला खेटून धोंडुबाईचा एसटीडी बूथ होता. दाराची काच एका वळवाच्या पावसात फुटली ती फुटलीच. त्यामुळं आत बोललेलं सगळं गिरणीवरच्या बायांना दळणाबरोबर फुकट मिळायचं.

धोंडुबाईला नवे शब्द पाडायची भारी खोड. लाइन खरखरली की म्हणायची, “लागली भजी तळायला.” फोन धरून नुसतंच ‘आनि काय, आनि काय’ करणारा तो ‘आनकाय्या’. बरोबर जेवणाच्या वक्ताला टपकणारा पावणा ‘ताटवास्या’. गावानं हे शब्द असे उचलले की शाळेतले गुरुजीसुद्धा एकदा पोरांवर “गप बसा रे आनकाय्यांनो” म्हणून ओरडले.

शालूबाईचा ज्ञानू फौजेत, पार जम्मूकडं. रविवारी त्याचा फोन यायचा. आधी शालूबाई म्हैस, ऊस आणि भावकी सांगून घ्यायची. मग फोन सुनेच्या, वैजंताच्या हातात, आणि सासूचा कान तिच्या खांद्यावर. वैजंता म्हणायची, “बरं हाय. तुमी बरं हाय का?” झालं बोलणं.

एकदा ती रडवेली होऊन मागं राहिली. “मावशी, त्यास्नी वाटतंय मला हितं लय करमतंय. आत्तींच्या म्होरं काय बोलू?”

पत्र्यावर एकटाच पारवा गुटूर-गुटूर घुमत होता. धोंडुबाईनं वर बघितलं.

“गुटूर म्हन. तुमच्याबिगर करमत न्हाई, जीव लागंना, समदं त्यात आलं. फोन पयला मीच उचलते न्हवं? ज्ञानूच्या कानात घालून ठिवते.”

पुढच्या रविवारी वैजंता मान खाली घालून म्हणाली, “हितं लय गुटूर झालंय.” तिकडं ज्ञानू असा हसला की बाया वळून बघायला लागल्या.

शालूबाईच्या कपाळाला आठी. “धोंडुबाई, गुटूर म्हंजी काय गं?”

सगळ्या गावाला शब्द पुरवणारी बाई, पण तिचीच बोबडी वळली. “पोटात... वारा धरतोय बगा. गुरगुरतंय.”

“आगं बया! मग सांगायचं न्हाई व्हय?”

त्या दिवसापासनं वैजंताला सकाळ-संध्याकाळ ओव्याचं पाणी. पोरगी तोंड वाकडं करून प्यायची आणि रविवारी पुन्हा गुटूर सांगायची. गोळा यायचा तो धोंडुबाईच्या पोटात. शालूबाईला कळलं तर पोरीचा एवढा एक शब्द जाईल, वर फोनला येणंही बंद होईल.

दिवाळीच्या तोंडावर ज्ञानूची सुट्टी रद्द झाली. त्या रविवारी शालूबाईला ना म्हैस आठवली, ना भावकी. तिनं मुकाट्यानं फोन सुनेकडं दिला. “लय गुटूर...” म्हणतानाच वैजंताला रडू फुटलं.

शालूबाईनं फोन ओढून घेतला. धोंडुबाईला वाटलं, संपलं सगळं.

“ज्ञानबा,” म्हातारी दोन्ही हातांनी फोन धरून ओरडली, “मला बी गुटूर झालंय रं!”

लाइन भजी तळत होती. धोंडुबाई चाचरत म्हणाली, “शालूबाई, ओवा देऊ का जरासा?”

“ठिव तुझा ओवा.” शालूबाईनं पदरानं डोळे पुसले. “इतकं दिस हिला पाजला, गेलं का हिचं?”

फोन सुनेच्या हातात देऊन, तिला एकटीला बोलायला सोडून ती पहिल्यांदाच बूथबाहेर पडली आणि गिरणीवरच्या बायांवर खेकसली, “काय बगताय गं? दळान बगा आपापलं!”